गर्दी पांगते, सभा उठते, पक्ष फुटतो

एका नव्या बातमीदाराची बातमी माझ्या टेबलावर आली होती. मोर्चा, दगडफेक, पोलीस बंदोबस्त. सगळं नीट लिहिलेलं. शेवटचं वाक्य होतं, ‘पोलिसांनी जमावाला विसर्जित केले.’ मी ‘विसर्जित केले’ खोडून ‘पांगवले’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा विचारायला आला, “सर, अर्थ तर तोच ना? लोक एकत्र होते, नंतर नव्हते.”

प्रश्न रास्त होता आणि त्याला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. लोक एकत्र होते आणि नंतर नव्हते, एवढंच सांगायचं असेल तर मराठीला इतक्या क्रियापदांची गरज पडली नसती. गर्दी पांगते. बाजार उठतो. शाळा सुटते. समिती बरखास्त होते. विधानसभा विसर्जित होते. पलटण मोडते, पक्ष फुटतो, युती तुटते. यातलं एक क्रियापद उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा: ‘शाळा फुटली’, ‘युती उठली’, ‘गर्दी तुटली’. वाक्य बसत नाही. समूह मोडतो कसा, हे तो मुळात कशाने जोडला होता यावर ठरतं. जोड जसा, तसं क्रियापद.

सुरुवात ‘पांगणे’पासून करतो, कारण त्यात जोडच नसतो. चरायला सोडलेली गुरं पांगतात, पाऊस पडून गेल्यावर ढग पांगतात, भांडण बघायला जमलेली माणसं पांगतात. जमली होती तीही आपापल्या पायांनी आणि गेली तीही आपापल्या पायांनी. ‘विखुरणे’ याच्या शेजारचं, पण वेगळं. माळ तुटली की मणी विखुरतात. पडतील तिथे पडून राहतात. पांगणाऱ्याला चाल असते, दिशा असते. म्हणून दुष्काळात गाव सोडून गेलेल्या घराबद्दल म्हातारी माणसं म्हणतात, ‘भावंडं पोटासाठी पांगली.’ एक भाऊ सुरतेला, एक मुंबईला, एक पुण्याला. या वाक्यात दुःख आहे, पण भावंडांचं भांडण झालं असं त्यात कुठेही नाही. ‘भावंडं फुटली’ म्हटलं असतं तर गोष्टच बदलली असती.

पांगायला पुष्कळ जण लागतात. ‘आम्ही पांगलो’ म्हणता येतं, ‘तो पांगला’ म्हणता येत नाही; एकट्याला जाता येतं, निघता येतं, सटकता येतं. जाताजाता एक खुलासा: ‘आईचे पांग फेडणे’ यातला ‘पांग’ आणि हे क्रियापद यांची गल्लत करू नये. तो पांग ऋणाचा, उपकाराचा.

‘पांगणे’चं प्रयोजक रूप ‘पांगवणे’. इथे दुसरा कोणीतरी येतो, आणि वाक्याच्या बांधणीत एक बारीकशी निवड उभी राहते. ‘पोलिसांनी जमाव पांगवला’ असं लिहिता येतं आणि ‘पोलिसांनी लोकांना पांगवलं’ असंही. पहिल्या वाक्यात क्रियापद ‘जमाव’ या शब्दाच्या लिंगाप्रमाणे चालतं, ‘दगड उचलला’ म्हणावं तसं. दुसऱ्यात ‘लोकांना’ म्हणावं लागतं, कारण माणसं कर्म असली की मराठी सहसा ‘ला-ना’ लावते. म्हणजे ‘जमाव’ हा शब्द घेतला की व्याकरणालाही तिथे माणसं दिसेनाशी होऊ शकतात. मी डेस्कवर होतो तेव्हा जखमी किंवा मृत असलेल्या बातमीत शक्यतो ‘लोकांना’ लिहून घेत असे. नियम म्हणून नव्हे. वाचणाऱ्याला माणसं दिसावीत म्हणून.

कायद्यात या क्रियापदाला ठरलेली जागा आहे. पाच किंवा अधिक जणांचा, सार्वजनिक शांतता बिघडवण्याची शक्यता असलेला जमाव असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी त्याला पांगण्याचा हुकूम देऊ शकतो. प्रभारी हजर नसेल तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी तरी लागतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १२९ होतं; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १४८ आहे. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी हुकूम. लोक गेले नाहीत, किंवा जायचंच नाही असं वागले, तर बळाचा वापर. म्हणजे कायद्यालाही आधी ‘पांगणे’ हवं आहे. ‘पांगवणे’ नंतर येतं. लोकांना आपल्या पायांनी जाण्याची संधी मिळाली का, हा प्रश्न त्या दोन रूपांच्या मधोमध उभा असतो.

ही संधी नाकारली की काय होतं, याचा सर्वांत भयंकर दाखला अमृतसरचा आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत जनरल डायरने जमलेल्यांना पांगण्याचा हुकूमच दिला नाही. आत शिरताच गोळीबार सुरू केला. सुमारे दहा मिनिटांत १,६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसं मेली. लोकांच्या हिशोबात आकडा याहून पुष्कळ मोठा होता. पुढे हंटर समितीपुढे डायरची साक्ष झाली. समितीत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड होते आणि त्यांनी डायरची कसून उलटतपासणी केली. त्या साक्षीत डायरने कबूल केलं की गोळीबार न करताही कदाचित जमाव पांगवता आला असता. पण लोक परत आले असते, हसले असते आणि आपलं हसं झालं असतं. लोक पांगेपर्यंत गोळ्या चालवल्या, असं त्याने आपल्या अहवालातही लिहिलं होतं. बागेतून बाहेर पडायच्या वाटा अरुंद आणि मोजक्या. पांगायला जी वाट लागते तीच नव्हती. तिथे जे झालं त्याला पांगवणं म्हणता येत नाही, तरी कागदावर तेच क्रियापद वापरलं गेलं. ‘जमाव पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार’ हे आपल्या वर्तमानपत्रांतलं ठरीव वाक्य लिहिताना मला ती साक्ष आठवते. वाट होती का, हुकूम ऐकू आला का, वेळ दिला होता का? एवढ्या तीन गोष्टी बातमीत असल्या की ‘पांगवला’ला अर्थ येतो.

आता बसलेल्या समूहांकडे येऊ. दरबार बसतो म्हणून तो उठतो. पंगत बसते, उठते. बाजार भरतो आणि उठतो, कारण पालं ठोकून, पथारी टाकून व्यापारी तिथे बसलेले असतात. वेढाही ‘बसतो’ आणि ‘उठतो’. तळ पडतो आणि उठतो. गंमत अशी की आपण फार सरकारी समजतो तो ‘बरखास्त’ हा शब्द याच घरातला. फारसीत ‘बर’ म्हणजे वर आणि ‘खास्तन’ म्हणजे उठणे. ‘दरबार बरखास्त’ म्हणजे दरबार उठला, एवढंच. कोणाला शिक्षा झाली, काढून टाकलं, असा वास त्या शब्दाला मुळात नव्हता. मराठीत आल्यावर तो हुकमाचा शब्द झाला. सभा आपणहून उठते, समिती मात्र कोणीतरी बरखास्त करतं.

हिंदीत नोकरालाही ‘बर्खास्त’ करतात. मराठी असं करत नाही. एकट्या माणसासाठी तिने त्याच भाषेतून दुसरा शब्द उचलला, ‘बडतर्फ’. तो ‘बर-तरफ’चा बदललेला उच्चार, म्हणजे बाजूला. कारकून बडतर्फ होतो, मंडळ बरखास्त होतं. एकट्याला बाजूला करतात, सगळ्यांना उठवतात. ही वाटणी मराठीची स्वतःची आणि फार नेटकी आहे. हिंदीवरून घाईने भाषांतर केलेल्या बातम्यांत ‘शिक्षकाला बरखास्त केले’ असं हल्ली दिसतं, तेव्हा एक उपयोगी भेद आपण हातचा घालवतो.

शाळा मात्र भरते आणि सुटते. मुलं बसलेली असूनही ती ‘उठत’ नाही. कचेरी सुटते, पाळी सुटते, नाटक सुटतं. गिरणगावात मिल सुटली की रस्ते भरून जात. या सगळ्या ठिकाणी माणूस ठरावीक वेळापर्यंत बांधलेला असतो. वेळ झाली की सुटतो. नाटकाला लोक पैसे देऊन स्वखुशीने गेलेले असतात, तरी पडदा पडेपर्यंत ते खुर्चीला बांधलेलेच.

सहकाराच्या मुलखात आणखी एक सूक्ष्म फरक रोज उपयोगी पडतो. साखर कारखान्याचं किंवा बँकेचं संचालक मंडळ बरखास्त होतं आणि प्रशासक येतो. संस्था जिवंत असते, फक्त खुर्चीवरची माणसं उठवलेली असतात. संस्थाच गुंडाळायची असेल तर ती ‘अवसायनात’ निघते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०२ खाली तसा आदेश निघतो आणि अवसायक नेमला जातो. तो येणी वसूल करतो, देणी भागवतो. ठेवीदाराच्या दृष्टीने या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावातल्या पतसंस्थेवर ‘बरखास्ती’ आली की ‘अवसायन’, हे बातमीत चुकलं तर सकाळी दारात रांग लागू शकते.

‘विसर्जन’ हा यांच्यातला सर्वांत समजूतदार शब्द. संस्कृत ‘सृज्’ धातू, त्याला ‘वि’ लागला. सोडून देणे, निरोप देणे. अक्षरापुढच्या दोन टिंबांचा ‘विसर्ग’ही तिथलाच. पूजेत आवाहन असतं म्हणूनच विसर्जन असतं. ज्याला बोलावलं नाही त्याचं विसर्जन होत नाही. माझ्या बातमीदाराच्या वाक्यात नेमकं हेच खटकत होतं: मोर्चातल्या जमावाला पोलिसांनी बोलावलेलं नव्हतं. शिवाय विसर्जनात परत येण्याची विनंती असते. गणपती बुडवताना कोणी ‘संपला’ म्हणत नाही. पुढच्या वर्षी लवकर यायला सांगतात.

म्हणून विधानसभेला हा शब्द शोभतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ प्रमाणे राज्यपाल ती विसर्जित करतात आणि नवी निवडून यायची असते. राज्यसभा आणि विधान परिषद यांचं विसर्जन होतच नाही. तिथले एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, घर कधी रिकामं होत नाही. १७ फेब्रुवारी १९८० ला महाराष्ट्रात पुलोदचं सरकार गेलं तो प्रसंग बघा. सरकार ‘बरखास्त’ झालं, विधानसभा ‘विसर्जित’ झाली. एकाच दिवशी दोन वेगळी क्रियापदं, कारण एका ठिकाणी मंत्र्यांना खुर्चीवरून उठवलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी मतदारांनी बोलावलेल्या सभागृहाला निरोप दिला होता. बोम्मई खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राष्ट्रपती राजवटीच्या घोषणेला संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करू नये, फार तर निलंबित ठेवावी. निलंबित म्हणजे टांगलेली; अजून हात सोडलेला नाही.

गांधीजींनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, २९ जानेवारी १९४८ ला, काँग्रेससाठी लिहिलेल्या मसुद्यात तिचं रूपांतर लोकसेवक संघात करायला सुचवलं होतं. मराठीत त्या सूचनेला ‘काँग्रेसचं विसर्जन’ म्हणतात आणि ते बरोबर आहे. स्वातंत्र्यासाठी बोलावलेली संस्था, काम झाल्यावर तिला निरोप. ‘काँग्रेस मोडा’ म्हटलं तर त्यात राग येतो; मसुद्यात राग नव्हता.

मोडतं ते, जे उभारलेलं असतं. पलटण उभारतात आणि मोडतात. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावं लागलं. बखरींत हरलेल्या फौजेसाठी ‘मोड झाला’ असा शब्द येतो. शिपाई नुसते पांगले असते तर ते पुन्हा गोळा करता आले असते. मोड म्हणजे रचनाच गेली.

राहिले फुटणे आणि तुटणे. मडकं फुटतं, दोर तुटतो. पक्ष हे एक भांडं समजलं जातं, म्हणून तो फुटतो आणि त्याची शकलं उरतात. युती म्हणजे दोघांना बांधणारा दोर. तो तुटला तरी दोन्ही टोकं शाबूत असतात. २५ सप्टेंबर २०१४ ला शिवसेना-भाजप यांची ‘युती तुटली’, असंच सगळ्यांनी लिहिलं. २०२२ मध्ये ‘शिवसेना फुटली’. दोन्ही मथळे कोणी ठरवून दिले नव्हते. भाषेने आपोआप निवडले. कायदा मात्र ‘फूट’ हा शब्द आता मानत नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टात एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण होतं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने तो परिच्छेद काढून टाकला. उरलं ते विलीनीकरण, त्यालाही दोन तृतीयांश लागतात. तेव्हापासून रस्त्यावर पक्ष ‘फुटतो’ आणि न्यायालयात मूळ पक्ष कोणता यावर वाद होतो. फुटणाऱ्या प्रत्येक शकलाला आपण सबंध भांडं आहोत असं सिद्ध करावं लागतं.

एकच प्रसंग घेऊन ही सगळी क्रियापदं पारखायची असतील तर सूरत घ्या. डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं. २६ तारखेला गोंधळात कामकाज थांबलं. २७ ला टिळक व्यासपीठावर गेले. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या ठरावावर बोलून तहकुबी मांडायची, अशी चिठ्ठी त्यांनी आधी पाठवली होती. बोलू दिलं नाही, ते हलले नाहीत. मंडपातून एक जोडा आला तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला, खुर्च्या उडाल्या. सभा उधळली. अधिवेशन बेमुदत तहकूब झालं. लोक पांगले. आणि काँग्रेस फुटली. जहाल आणि मवाळ १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत एकत्र आले नाहीत. एका दुपारी चार गोष्टी घडल्या आणि मराठीने प्रत्येकीला वेगळं क्रियापद दिलं. टिळकांनी मागितलेली तहकुबी ही थांबून पुन्हा सुरू करायची गोष्ट होती. मिळाली ती बेमुदत. ‘उधळणे’ तर गुलालाचं आणि बुजलेल्या घोड्याचं क्रियापद: हातातून सुटलं की कोण कुठे जाईल सांगता येत नाही.

हे सगळं मी त्या बातमीदाराला तेव्हा सांगू शकलो नाही. नीट कळलं तेही पुष्कळ नंतर, आमच्याच गल्लीत.

बारा बायकांचा बचत गट होता. दरमहा शंभर रुपये, शेकडा दोनने आपसात कर्ज, एक लोखंडी पेटी, एक इतिवृत्ताची वही. चौदा वर्षं चालला. कोणाच्या मुली लग्न होऊन गेल्या, कोणी मुलाकडे राहायला गेलं, दोघी वारल्या. उरलेल्या सात जणींनी ठरवलं की आता पुरे. खातं बंद करायला ठराव हवा होता आणि लिहायला मला बोलावलं. मी नेहमीच्या पद्धतीने सुरू केलं, ‘सर्वानुमते गट विसर्जित करण्यात येत आहे.’

“विसर्जित नको,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आम्ही काय कोणाला पाण्यात सोडतोय का?”

“मग ‘गट मोडला’ लिहू?”

“मोडला कसा म्हणता, भाऊ? मोडतो तो भांडून किंवा बुडून. पलीकडच्या आळीतला फुटला, त्यांचे दोन झाले. स्टँडमागचा बंद पडला, कोणी पैसेच भरेनात. आमचं तसं काही नाही.”

सचिव असलेल्या वहिनींनी सुचवलं, “नुसतं ‘बंद केला’ लिहा.” त्यावर एक म्हातारी काकू, इतका वेळ गप्प बसलेल्या, म्हणाल्या की बांगडी फुटली तर आपण ‘वाढवली’ म्हणतो, नारळसुद्धा फोडत नाही, वाढवतो, तर याला काहीतरी बरं नाव असेलच. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनीच सांगितलं, सप्ताहाच्या शेवटी ‘आज समाप्ती’ असं कोणी म्हणत नाही, ‘आज काला’ म्हणतात. आषाढीलाही पौर्णिमेचा गोपाळकाला झाला की पालख्या परतीला लागतात. सगळ्यांचं एकत्र कालवायचं, सगळ्यांनी खायचं आणि आपापल्या घरी जायचं.

बँकेत ‘काला’ लिहून चाललं नसतं. मी लिहिलं: ‘गटाचा हिशोब पुरा झाला असून शिल्लक सर्व सदस्यांमध्ये समान वाटून खाते बंद करण्यात येत आहे.’ सात जणींनी सह्या केल्या, काकूंनी अंगठा दिला नाही; सही शिकल्या होत्या, ती सावकाश, पूर्ण नावाने केली. वारलेल्या दोघींचा वाटा त्यांच्या घरी पोचवायचं ठरलं. मग दहीपोहे झाले. पेटी रिकामी होती, ती अध्यक्षबाईंनी ठेवून घेतली आणि किल्ली वहिनींनी नेली.